काचेतलं गायरान

म्हसा यात्रेत बैल घ्यायला गेले की आजोबा दात सगळ्यात शेवटी बघत. आधी बाजूला उभं राहून त्याला वैरण खाताना बघायचं. मग पोट खपाटीला गेलंय का, डोळ्यामागचं मांस उतरलंय का, श्वास कसा चालतोय. मग पाठीवरून हात. दात व्यापारी स्वतःच दाखवतो, ते म्हणायचे. भूक काही त्याला दाखवता येत नाही. पौष पौर्णिमेला भरणारी ही यात्रा मुरबाड तालुक्यातली. खांबलिंगेश्वराचं देऊळ, घोंगड्यांची दुकानं, आणि पलीकडे माळावर बैलांचा बाजार. सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. आजोबांची बोटं रुमालाखाली काय बोलली ते मला कधी कळलं नाही, पण खाणाऱ्या जनावराकडे बघत बसण्याची त्यांची पद्धत मात्र अंगात मुरली.

पुढे चाळीसेक वर्षांनी कुर्ल्यातल्या एका मासेवाल्याच्या काचेपुढे मी तसाच उभा होतो. आत वीतभरही नसलेला एक तपकिरी मासा. अंगाने चपटा, थाळीसारखा; तोंड पुढे काढलेलं, चिमट्यासारखं. मी म्हटलं, याला आधी खायला घाला. दुकानदार जरा वैतागला. शेजारच्या टाकीत निळे-पिवळे मासे असताना हा माणूस या मातकट माशापुढे अर्धा तास काय करतोय, असं त्याला वाटलं असणार. त्याने नोरीचा तुकडा चिमट्यात अडकवून आत सोडला. नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद, जपानी लोक सुशी गुंडाळायला वापरतात तो. मासा दोनदा लांबून फिरला, मग आला आणि कुरतडायला लागला. डोळ्यामागे खळगा नव्हता. पोट आत ओढलेलं नव्हतं. मी पैसे मोजले.

हा मासा म्हणजे झेब्रासोमा स्कोपास, या छंदातल्या लोकांच्या बोलीत ‘स्कोपास टँग’. टँग म्हणजे सर्जन मासे. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या चाकूसारखा एकेक धारदार काटा असतो, त्यावरून ते नाव पडलं. त्या काट्याची प्रचिती मला घाटकोपर जाण्याआधीच आली. दुहेरी पिशवीतली आतली पिशवी माशाने फाडली होती. बाहेरची शाबूत होती आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात होतं, म्हणून निभावलं. कुर्ला ते आमचं आसनगाव ७० किलोमीटर. कसारा लोकलमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो तर समोरच्याने विचारलं, काय आणलंय? मासा, म्हटलं. कोणता? नाव सांगितलं, किंमतही सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि टिटवाळ्याला म्हणाला, ‘एवढ्यात घरच्या सगळ्यांना सुरमई झाली असती.’

त्याचं गणित चुकलेलं नव्हतं.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले डोंगराकडचे तालुके. समुद्र इथून दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. माहुलीचे सुळके, माळशेजकडचा घाट, मधे भातखाचरं आणि जंगल. आमचे मासे गोड्या पाण्यातले. पहिल्या पावसाचा लोंढा आला की प्रवाहाविरुद्ध चढून खाचरांत येणारे वलगणीचे मासे ही आमच्याकडची मृगातली सगळ्यात मोठी बातमी. रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं बांधांवर उभी असतात. अशा मुलखात बसून घरात समुद्र करायचा म्हणजे जरा वेड लागतं, हे मला मान्य आहे. माझ्या वेडाचं मूळ शाळेच्या सहलीत आहे. १९५१ साली उघडलेलं चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय बघायला आमच्या शाळेची एसटी गेली होती. बाकी मुलं कासवापुढे गर्दी करून होती. मी एका टाकीपुढे थांबलो होतो, तिथे एक मासा खडकावरचं शेवाळ खात होता. खात होता म्हणजे चरत होता. एक घास, दोन पावलं पुढे, एक घास. माझ्या ओळखीचं जनावर होतं ते.

पहिला टँग मी घेतला तो मात्र आजोबांना विसरून घेतला. पावडर ब्लू. हिंदी महासागरातलाच, लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळांवरचा. आकाशी अंग, काळं तोंड, पाठीवर हळदी पट्टी. बघणाऱ्याची अक्कल काढून घेणारा रंग. माझी टाकी तेव्हा तीन फुटांची होती आणि तिच्यात शेवाळ माजलं होतं. कुणीतरी सांगितलं, टँग टाक, शेवाळ साफ करेल. मी टाकला.

अकराव्या दिवशी त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले. मी गोड्या पाण्यातल्या माशांचं औषध घातलं. ठिपके दोन दिवसांत गेले आणि मी घरभर सांगत सुटलो. ते औषधाने गेलेच नव्हते. क्रिप्टोकॅरियन इरिटन्स नावाचा हा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस पोसला की आपण होऊन खाली उतरतो, वाळूत-दगडावर कवच करून बसतो, आणि एकेका कवचातून शेकडो पिल्लं सोडतो. कवचं फुटायला काही दिवस लागतात, कधी कधी दोन महिन्यांहून जास्त. म्हणून जाणकार लोक अशी टाकी ७६ दिवस माशांवाचून रिकामी ठेवतात. समुद्रात ही पिल्लं अथांग पाण्यात विरून जातात, मासा क्वचितच सापडतो. तीन फुटांच्या डब्यात मासा कुठे जाणार? ठिपके परत आले ते दसपटीने. पावडर ब्लू या रोगाला सगळ्यात आधी बळी पडणाऱ्यांपैकी आहे, हे मला त्याला पुरल्यानंतर कळलं. अबोलीच्या वाफ्यात पुरला. बायको म्हणाली, विकत आणून मारलात. यावर मला आजही उत्तर नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी टँग आणला नाही.

त्या सहा वर्षांत जे शिकलो त्यातली मुख्य गोष्ट ही, की टँगला ‘शेवाळ खाणारं यंत्र’ समजणं हीच मुळातली चूक. अंगणात गवत माजलं म्हणून शेळी बांधा. गवत कमी होईल, पण लेंड्या अंगणातच पडतील. टाकीत शेवाळ येतं ते पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं म्हणून. टँग शेवाळ खातो आणि त्याचं खत करून त्याच पाण्यात परत देतो. शिवाय तो सगळं शेवाळ खातही नाही. लाल-जांभळी बुरशीसारखी साय धरते, ती मुळात जिवाणूंची असते, तिला तो तोंड लावत नाही. केसाळ, जाड झालेलं शेवाळही बऱ्याचदा टाळतो. त्याला हवी असते कोवळी, नुकती फुटलेली लव. आमच्या गाईला नाही का, कुंपणापलीकडचं कोवळं गवतच दिसायचं.

आणि ती लव त्याला दिवसभर हवी. मांसाहारी मासा एकदा पोट भरलं की सावलीत पडून राहतो. शेवाळात कस कमी, म्हणून चरणाऱ्याला सतत चरावं लागतं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत हजारो वेळा तोंड खडकाला लागतं. त्याच्या पोटातही गाईच्या पोटासारखीच भाड्याने ठेवलेली प्रजा असते. रवंथ तो करत नाही, पण शेवाळ पचवायला जिवाणू लागतातच. १९८५ साली तांबड्या समुद्रातल्या एका सर्जन माशाच्या आतड्यात शास्त्रज्ञांना एक विचित्र जीव सापडला. तो इतका मोठा होता की जिवाणू असेल असं कुणाला वाटेचना. १९९३ मध्ये त्याची जनुकं तपासली तेव्हा तो जिवाणूच निघाला. एपुलोपिशियम त्याचं नाव. काही पेशी अर्ध्या मिलिमीटरहून मोठ्या, म्हणजे छापलेल्या पूर्णविरामाएवढ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या. जगातला सगळ्यात मोठा जिवाणू म्हणून काही वर्षं त्याचा मान होता, मग दुसऱ्या एका समुद्री जिवाणूने तो घेतला. मला हे वाचून पुढचे दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. शेवाळ खाणं हे किती अवघड काम आहे बघा. त्यासाठी माशाला पोटात एवढं खटलं सांभाळावं लागतं.

प्रवाळावर या चरण्याला किंमत आहे. प्रवाळ वर्षाला अगदी थोडं वाढतं, शेवाळ आठवड्यात वाढतं. दोघांनाही उजेडाची जागा हवी. चरणारे नसतील तर शेवाळ जिंकतं. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात काळे काटेरी समुद्री साळू कसल्याशा रोगाने झपाट्याने मेले. तिथले शेवाळखाऊ मासे आधीच बेसुमार मासेमारीने विरळ झाले होते. काही वर्षांत जमैकाच्या प्रवाळांवर शेवाळाची गोधडी पसरली. आपल्याकडे १९९८ मध्ये पाणी तापून लक्षद्वीपचं बरंचसं प्रवाळ पांढरं पडलं, मेलं. मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यावर नवं पिल्लू बसायचं तर तो दगड आधी स्वच्छ राहायला हवा. तो स्वच्छ ठेवण्याचं काम पोपट मासे आणि सर्जन मासे करतात.

तिथेही बांधावरून भांडणं आहेतच. डॅम्सल जातीचे काही छोटे मासे चक्क शेती करतात. खडकाचा एक तुकडा धरायचा, नको ते शेवाळ उपटून टाकायचं, हवं ते वाढवायचं, आणि कुणी आलं की अंगावर धावून जायचं. एकटा टँग तिथून मार खाऊन परततो. म्हणून पट्ट्यापट्ट्यांचे कैदी टँग शेकड्यांनी जमून येतात आणि एकदम शेतात घुसतात. मालक कुणाकुणाला हाकलणार? मोकाट गुरांचा कळप हरभऱ्यात शिरल्यासारखा प्रकार. फरक इतकाच, की समुद्रात कोंडवाडा नाही.

महाराष्ट्राला प्रवाळ नाही असं अनेकांना वाटतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती मालवणच्या पाण्यात आहे; तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, वीस-बावीस मीटर पाण्याखाली, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, त्यावर तर प्रवाळाची राईच. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची तुकडी जहाज घेऊन तिथे पाहणीला गेली होती. मी मालवणपर्यंतच गेलो. पाण्यात तोंड घालून पाच मिनिटं तरंगलो, घाबरून बाहेर आलो, परत गेलो. पाणी गढूळसर होतं. पण खालच्या खडकावर काहीतरी चरत होतं, त्याची ती एक घास-दोन पावलं चाल मला ओळखता आली.

दुसऱ्या खेपेला मी आधी कुरण केलं, मग जनावर आणलं.

सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी टाकी. बारा मिलिमीटरची काच. पाणी जवळपास ६८० लिटर, म्हणजे काच-खडक धरून वजन पाऊण टनाच्या पुढे. म्हणून तळमजल्यावर, खाली विटांचा ओटा बांधून. खडकाची गोष्ट जरा सांगण्यासारखी आहे. परदेशातले लोक समुद्रातून काढलेला जिवंत खडक आणि प्रवाळ टाकीत लावतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्रातून ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा. तरीही बाजारात कुजबुजत भाव सांगणारे भेटतात. मी नाही घेतलं. यात थोरपणा काही नाही, वाघाचं कातडं भिंतीवर लावून त्यापुढे निसर्गावर बोलणाऱ्यांचा मला लहानपणापासून राग आहे, एवढंच. माझे खडक सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून घरीच ओतलेले. मीठ नंतर विरघळतं आणि खडकाला भोकं पडतात. सिमेंटचा क्षार उतरेपर्यंत ते खडक अडीच महिने पिंपात भिजत ठेवले, दर तीन दिवसांनी पाणी बदलून. गवंडी मित्र येऊन बघून गेला. म्हणाला, एवढं क्युरिंग लोक स्लॅबला करत नाहीत.

मग टाकी नुसतीच चालू ठेवली. मासा नाही, फक्त पाणी, खडक, उजेड आणि लाटेचा पंखा. पहिल्या महिन्यात तपकिरी साय आली, मग ती गेली. मग हिरवी लव आली. लोक ही लव दिसली की घाबरतात, काच घासतात, दिवे बंद करतात. मी ती येऊ दिली. मागची काच मी आजतागायत घासलेली नाही. पुढची काच माणसांसाठी, मागची त्याच्यासाठी. पाच महिन्यांनी कुर्ल्याला गेलो.

आणलेला मासाही थेट आत गेला नाही. सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत, तांब्याच्या औषधात, माप काटेकोर. मोठ्या टाकीत हे करता येत नाही, कारण तांब्याने मासा वाचतो पण कोळंबी, शंख, साळू सगळं मरतं, आणि खडकात मुरलेलं तांबं नंतर निघत नाही. आमच्या घरातला पाणी प्यायचा तांब्याचा तांब्या त्या खोलीत न्यायला तेव्हापासून बंदी आहे. स्टीलचा चालतो. तो किती कामाचा, ते पुढे सांगतो.

खाणं रोज सकाळी. वाळत घालायच्या कपड्यांचा प्लास्टिकचा चिमटा, आतली लोखंडी स्प्रिंग काढून रबर लावलेला, त्यात नोरी. मीठमसाला लावलेली नोरी चालत नाही. पालक उकळत्या पाण्यातून काढून देता येतो. त्याने पोट भरतं, पण अंग धरत नाही. हिवाळ्यात अलिबागकडे जाणं झालं तर ओहोटीला खडकांवर पोपटी चिंधीसारखं शेवाळ दिसतं, उल्वा. ते आणून, धुऊन, एका बादलीत वाढवायचा माझा प्रयोग दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवलेल्या टँगच्या डोक्याची कातडी कालांतराने खड्डे पडून उतरायला लागते. याला वर्षानुवर्षं जीवनसत्त्वांचा अभाव म्हणत. अमेरिकेत टोलेडोच्या प्राणिसंग्रहालयात सर्जन माशांवर केलेल्या प्रयोगात पाणी गाळायच्या एका जातीच्या कोळशाच्या भुकटीकडेही बोट गेलं. मी कोळसा वापरणं सोडलं आणि शेवाळ वाढवलं. दोन्हींपैकी कशाने फरक पडला ते माशालाच ठाऊक.

आता पाणी. इथे मला जरा थांबायचंय.

मुंबईची तहान ज्या सात तलावांवर भागते त्यातले मोठे आमच्या बाजूचे. तानसा १८९२ पासून पाणी देतंय. मोडक सागर आहे. एकटा भातसा मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा उचलतो. कुर्ल्याच्या त्या दुकानात मीठ कालवून जो समुद्र केलेला असतो, त्यातलं पाणी म्हणजे बहुतेक आमचंच. आमच्या उशाखालून जलवाहिनीने गेलेलं. आणि त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर जातात. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात, दरवर्षी नवीन वाटतात.

समुद्री टाकीतून उन्हाळ्यात पाणी उडतं. मासा २५-२७ अंशांत बरा असतो, शहापूरचा एप्रिल चाळिशीला टेकतो. पाण्यावर पंखे लावले की तापमान दोन-तीन अंश उतरतं, त्याची किंमत पाण्याच्या वाफेत मोजावी लागते. माझ्या टाकीतून एप्रिल-मे महिन्यात रोज दहा लिटर पाणी जातं. मीठ उडत नाही, म्हणून वरून गोडं पाणीच घालावं लागतं, तेही क्षार काढलेलं. आमच्या कातळातल्या बोअरचं पाणी तसंच घातलं तर टाकीत शेवाळाचं रान माजेल. आरओमधून एक लिटर शुद्ध पाणी निघताना दोन-तीन लिटर वाया जातं. बायकोने एका मे महिन्यात हे गणित मांडलं. शाळेत शिकवते ती. पाड्यावरच्या मुली उन्हाळ्यात का येत नाहीत हे तिला हजेरीपटावरून कळतं. म्हणाली, दहा लिटर म्हणजे एक हंडा. रोज एक हंडा तुम्ही हवेत सोडता.

मी त्या वर्षी टाकी विकायला काढली होती. माशाला गिऱ्हाईकही आलं, डोंबिवलीचं. त्याची चार फुटांची टाकी भरलेली होती, त्यात तीन टँग आधीच एकमेकांचे पर फाडत होते, आणि हा चौथा त्यात तो टाकणार होता. मी नाही म्हटलं.

मग कौलं आठवली. आमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास सहज पडतो. मागच्या पडवीचं छप्पर शंभर चौरस फुटांचं. गुणाकार केला तर वर्षाला तेवीस हजार लिटर. मला उन्हाळ्याला लागतं हजार-बाराशे. पडवीला पन्हळ लावली, खाली हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या. मृगाचा पहिला पाऊस वाहू द्यायचा. धूळ, पाखरांची घाण, पाला सगळं धुऊन जाऊ द्यायचं. आषाढात तोंड वळवायचं. तेव्हाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजले तर पंधरा-वीस भरतात, बोअरला चारशे. टाकीत घालण्याआधी तेही गाळून घेतो, पण वाया जवळजवळ काही जात नाही. पत्र्याच्या छपराचं पाणी मात्र नको. जस्त उतरतं, शंख-कोळंबीला ते विषच. कौलंच हवीत. गावात सगळे कौलं काढून पत्रे टाकतायत आणि मी त्यांची उतरलेली कौलं मागून आणतोय, हे बघून शेजाऱ्यांनी माझी आशा सोडली.

यामुळे पाड्यावर टँकर जायचा थांबला नाही, हे सांगायला नको. बायकोचं गणित माझ्यापुरतं सुटलं. तिने ते अजून पुसलेलं नाही.

पावसाळ्याचा आपला ताप वेगळा. वारा सुटला की वीज जाते. टँग ओढ्याच्या धारेसारखं हलतं पाणी मागणारा मासा, प्राणवायू कमी झाला की सगळ्यात आधी तोच वर येऊन तोंड मारतो. एका आषाढात रात्री आठला गेलेली वीज पहाटे पाचला आली. इन्व्हर्टर एक वाजता बसला. मग मी आणि मुलगा, आळीपाळीने, स्टीलचा तांब्या भरून हातभर उंचीवरून पाण्यात ओतत राहिलो. एक ते पाच. मासा खडकाच्या कपारीत कल्ले हलवत उभा होता. झोपेत टँगचा रंग फिका पडतो, अंगावर डाग येतात. मेणबत्तीच्या उजेडात तो कुणी वेगळाच मासा दिसत होता. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारे दोन हवेचे पंप घेतले. आधीच का नाही घेतले, असं कुणी विचारू नये.

जे लोक विचारतात ते वेगळंच विचारतात: पिल्लं होतील का? होणार नाहीत. क्लाउनफिशचं सोपं आहे. तो दगडावर अंडी चिकटवतो, बाप राखण करतो. आपल्याच जिल्ह्यात, ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउनफिशची पैदास उभी केली आहे. खाडीवरचे रोहित बघायला लोक जातात तिथेच. टँगचं तसं नाही. संध्याकाळी मासे वर झेपावतात आणि अंडी पाण्यात उधळून देतात. पिल्लू इतकं बारीक, की त्याच्या तोंडात मावेल असं जिवंत खाणंच मिळवणं कठीण. कित्येक आठवडे ते उघड्या समुद्रात काचेसारखं पारदर्शक होऊन वाहत राहतं. पिवळा टँग बंदिस्त पाण्यात वाढवणं हवाईच्या संशोधकांना २०१५ मध्ये साधलं, निळा २०१६ मध्ये फ्लोरिडाला. बाजारातले बाकीचे बहुतेक अजूनही प्रवाळावरून उचललेले. माझाही. कुठल्या तरी खडकावर एक चरणारा माझ्यामुळे कमी आहे. कायद्याने मला दोष नाही, पण हिशेब आहे तो आहे.

आमच्या नद्यांतही चरणारा मासा आहे, हे मला या नादातच कळलं. कर्नल विल्यम सायक्स नावाच्या साहेबाने दख्खनचे मासे जमवले आणि १८३९ साली त्यांची वर्णनं छापली. नावं देताना त्याने कोळ्या-भोयांची तोंडची नावंच लॅटिनच्या शेपटाला बांधली. त्यातला एक गॅरा मुल्ल्या, म्हणजे आपला मळ्या. बोटभर लांब, हनुवटीखाली चकतीसारखा चिकटा. धबधब्याखालच्या निसरड्या खडकाला धरून बसतो आणि शेवाळ खरवडतो. लहानपणी आम्ही त्याला हाताने धरायचो, दगड उलटून. तो शेवाळ खातो हे कधी लक्षातही आलं नव्हतं. आम्ही त्याला खायचो, त्यामुळे तो काय खातो हे बघायची वेळ आली नाही.

यंदा वलगणीच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा प्लास्टिकच्या बाटलीत दोन मळये घेऊन आला. त्याला माझ्या टाकीचं फार. शाळा सुटली की येऊन बसतो, टँगला त्याने ‘बाबू’ नाव दिलंय. म्हणाला, काका, हे पण चरतात ना, मग यांना बाबूबरोबर सोडा, मागची काच मोठी आहे. मी त्याला म्हटलं, आधी बोट बुडवून चाटून बघ. त्याने बघितलं. तोंड वाकडं केलं. मग बाटली उचलली आणि भिजत ओहळाकडे पळाला. टोपण लावायचं राहिलं होतं, ते ओट्यावर तसंच पडलं होतं.